किल्ल्यावरचा दवाखाना

आमच्या सोसायटीत दिवाळीचे किल्ले दोन. एक 'अ' इमारतीचा आणि दुसरा 'ब' इमारतीचा. दोहोंच्या मध्ये हातभर रुंदीची वाळूची पट्टी असते. यंदा मुलांनी तिला 'सरहद्द' असे नाव दिले होते. वसुबारसेच्या आदल्या संध्याकाळी मी उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यातून डोके वर काढून, चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा होतो, तोच खालून गलका ऐकू आला. पाठोपाठ आमचे चिरंजीव, वय वर्षे तेरा, धापा टाकीत वर आले.

"बाबा, आधी खाली चला. निकाल द्यायचाय!"

मराठीच्या प्राध्यापकाने निकाल द्यावा अशी वेळ घरात सहसा येत नाही. घरातले निकाल आमच्या सौभाग्यवती देतात आणि ते अंतिम असतात. तेव्हा ही संधी दवडू नये म्हणून मी कपासकट खाली उतरलो.

प्रकरण असे होते. 'अ' इमारतीच्या मुलांनी आपल्या किल्ल्याच्या माचीवर काड्यापेटीचा एक दवाखाना बांधला होता आणि त्यावर तांबड्या रंगाने फुली काढली होती. 'ब'च्या सैन्याने बॉलपेनच्या नळीच्या तोफेतून वाटाणे मारून तो जमीनदोस्त केला. 'अ'चे म्हणणे, दवाखान्यावर मारा करता येत नाही. 'ब'चे म्हणणे, दवाखान्याच्या मागे यांनी तोफ दडवली होती. आणि खरेच दडवली होती. ही चतुर कल्पना आमच्याच चिरंजीवांची, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेले होते.

मी चहाचा घोट घेतला आणि सर्व पक्षांना खूश करणारा निकाल दिला. "अरे, युद्धात आणि प्रेमात सगळे क्षम्य असते."

"नसतं, सर."

आवाज मागच्या बाकावरून आला. बाकावर सुभेदारसाहेब बसले होते. ते साताऱ्याकडचे. फौजेत सफरमैनांच्या पलटणीत अठ्ठावीस वर्षे काढून निवृत्त झाले, त्यालाही आता वीस वर्षे होत आली. रोज संध्याकाळी ते त्या बाकावर बसतात आणि फारसे कोणाशी बोलत नाहीत.

"दवाखान्यावर मारता येत नाही," ते मुलांना म्हणाले. "पण दवाखान्यामागं तोफ ठेवली, की त्याचं संरक्षण जातं. तेही लगेच जात नाही. आधी बजावायचं, तोफ काढा म्हणून. वेळ द्यायचा. तुम्ही बजावलं होतं का रे?"

कोणीच बजावले नव्हते.

"मग तुम्हीही चुकलात आणि हेही चुकले. तोफ ठेवणारा तर पयला चुकला."

चिरंजीवांनी मान खाली घातली. खरे सांगायचे तर मीही घातली. एक तर मी दिलेला निकाल चुकीचा होता, आणि दुसरे म्हणजे ज्या म्हणीच्या आधारावर तो दिला, ती आपली म्हणसुद्धा नव्हे. ती इंग्रजीतून आलेली. वर्गात मुलांना उसन्या वाक्प्रचारांबद्दल टोचून बोलणारा मी. अडचणीच्या वेळी तोंडून नेमका तोच निघाला.

त्या रात्री मला स्वस्थ झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कायद्याच्या महाविद्यालयातल्या एका स्नेह्याकडून चार पुस्तके आणली आणि फराळाच्या डब्यांची झाकणे घरात वाजत असताना ती वाचीत बसलो. सुभेदारसाहेबांचे म्हणणे अक्षरशः बरोबर होते. नागरी रुग्णालयाबद्दलचा हा नियम १९४९ च्या चौथ्या जिनीव्हा करारात जसाच्या तसा आहे. आपल्या देशाने तो स्वीकारलेला आहे आणि १९६० साली संसदेने त्यासाठी खास कायदाही केला आहे. एवढे असून मराठीचा एक एम. ए. प्राध्यापक त्याबद्दल पूर्ण अडाणी होता!

ह्या कायद्याची गोष्ट सांगताना बहुधा सोल्फेरिनोपासून सुरुवात करतात. २४ जून १८५९ ची लढाई, विव्हळणारे हजारो जखमी, ते पाहून हेलावलेला हेन्री ड्युनांट, आणि त्यातून जन्मलेली रेडक्रॉस. ती गोष्ट शालेय पुस्तकांतून पुष्कळांना ठाऊक असते. मला जास्त चटका लावून गेली ती एका गोळीची गोष्ट.

रशियाच्या लष्कराने १८६३ साली एक स्फोटक गोळी तयार केली. शत्रूच्या दारूगोळ्याच्या गाड्या उडवणे एवढाच तिचा हेतू. चार वर्षांनी तीत सुधारणा झाली, आणि आता ती मऊ वस्तूवर आदळली तरी फुटू लागली. मऊ वस्तू म्हणजे माणूस. रशियाचे युद्धमंत्री मिल्युटिन ह्यांना हे प्रशस्त वाटेना. माणूस साध्या गोळीनेही लढाईतून बाद होतो. मग त्याच्या शरीरात स्फोट घडवून अधिक मिळवायचे ते काय? त्यांच्या पुढाकाराने सेंट पीटर्सबर्गला परिषद भरली आणि १८६८ च्या डिसेंबरात जाहीरनामा निघाला. चारशे ग्रॅमांहून हलकी स्फोटक गोळी आपसांतल्या युद्धात वापरायची नाही असे ठरले.

हा चारशे ग्रॅमांचा हिशेब ऐकून हसू येते. माणसावर झाडायची ती गोळी आणि तटावर डागायचा तो तोफगोळा, हा भेद त्या काळी वजनावर केला, इतकेच. महत्त्वाचे आहे ते त्यामागचे तत्त्व. युद्धाचा रास्त हेतू एकच, तो म्हणजे शत्रूचे लष्करी बळ कमी करणे. त्यापलीकडे नाहक यातना देणारे शस्त्र त्या हेतूच्या बाहेरचे. पुढच्या दीडशे वर्षांत झालेले शस्त्रांविषयीचे बहुतेक सगळे नियम ह्या एका विचाराची पिलावळ आहेत.

आता दुसरी गोळी. ही मात्र आपल्या घरची. कलकत्त्याजवळ दमदम नावाचे गाव आहे. आज तिथे विमानतळ आहे. तेव्हा इंग्रजांचा दारूगोळ्याचा कारखाना होता. 'दमदमा' म्हणजे तोफा चढवण्यासाठी केलेला मातीचा उंचवटा. आपल्या बखरींच्या वाचकाला हा शब्द परका नाही, आणि गावाचे नाव त्यावरूनच पडले असे सांगतात. १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेत इंग्रजांची तक्रार अशी, की नवी बारीक गोळी पठाणांच्या शरीरातून आरपार जाते, पण माणूस थांबत नाही; तलवार उपसून तो अंगावर येतोच. तेव्हा दमदमच्या कारखान्यातले कॅप्टन बर्टी-क्ले ह्यांनी गोळीच्या टोकावरचे धातूचे आवरण काढून आतले शिसे उघडे ठेवले. शरीरात शिरताच शिसे पसरे आणि जखम भयंकर होई. सरहद्दीवरच्या टोळ्यांवर ती वापरली गेली, आणि इंग्रजी भाषेत एक नवा शब्द रूढ झाला, 'डमडम'. आपल्याकडून इंग्रजीत गेलेल्या शब्दांची यादी आम्ही मोठ्या अभिमानाने वर्गात सांगतो. हा शब्द त्या यादीत मी कधी घेतला नव्हता.

१८९९ साली रशियाच्या झारच्या निमंत्रणावरून हेगला परिषद भरली. ह्या गोळीवर बंदी घालावी असा विषय निघताच इंग्रजांचे प्रतिनिधी सर जॉन आर्डा उठले. त्यांच्या युक्तिवादाचा मथितार्थ असा: सुसंस्कृत सैनिकाला गोळी लागली की त्याला आपण जखमी झाल्याचे कळते आणि तो मागे जातो, रानटी माणसाला तेवढी समज नसते, तो तसाच धावून येतो, सबब त्याच्यासाठी निराळी गोळी हवी. हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले आणि थोडा वेळ बाहेर फेऱ्या मारून आलो. ज्यांच्याविषयी हे बोलणे चालले होते, त्यांच्यापैकी त्या सभागृहात एकही नव्हता.

बाकीच्या देशांनी तो युक्तिवाद मानला नाही. इंग्लंड आणि अमेरिका विरोधात राहिली आणि जाहीरनामा मंजूर झाला. इंग्लंडनेही १९०७ मध्ये अखेर सही केली. पण त्यात एक मेख होती. हा नियम सह्या करणाऱ्या देशांच्या आपसांतल्या युद्धापुरताच होता. म्हणजे ज्या सरहद्दीवरच्या माणसांवर ती गोळी प्रथम झाडली गेली, त्यांना त्याचा काडीइतका उपयोग नव्हता. कायदा माणुसकीचा, पण माणसे कोणती मोजायची हे ठरवणारे दुसरेच! ती मर्यादा पुढे गेली. आज कोणत्याही आंतरराष्ट्रीय युद्धात अशी गोळी झाडणे हा गुन्हा आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीने देशांतर्गत सशस्त्र संघर्षासाठीही तो फौजदारी न्यायालयाच्या कायद्यात आला. ही दुरुस्ती ज्या देशांनी मान्य केली त्यांच्यापुरतीच, हे वेगळे.

भाषेच्या माणसाला ह्या कायद्यात एक विकृत आनंदही मिळतो, कारण येथे एकेका शब्दावर माणसांचे प्राण टांगलेले असतात. हेगच्याच परिषदेने विषारी वायू पसरवणारे 'प्रक्षेप्य' वापरू नये असे ठरवले होते. २२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मन लष्कराने खंदकांतल्या ५,७०० हून अधिक नळकांड्यांच्या तोट्या उघडल्या आणि दीडशेहून अधिक टन क्लोरीन वाऱ्यावर सोडून दिला. बचाव असा, की आम्ही काही फेकलेच नाही, वारा घेऊन गेला! परीक्षेत असे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मी कदाचित हुशार म्हटले असते. चारच दिवसांनी, २६ एप्रिलला, त्याच रणांगणावर हिंदी लष्कराची लाहोर डिव्हिजन चाल करून गेली आणि वायूच्या ढगात सापडली. जमादार मीर दस्त ह्यांनी त्या गोंधळात शिपायांना गोळा करून खंदक राखला आणि जखमी अधिकाऱ्यांना उचलून आणले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वायूची बाधा मात्र त्यांना झालीच.

त्यानंतरच्या करारांत शब्दांच्या फटी एकेक करून बुजवल्या गेल्या. १९२५ चा जिनीव्हा मसुदा झाला. १९९३ मध्ये तर रासायनिक शस्त्रे बाळगण्यावरच बंदी आली. आपल्या देशाने आपला साठा जाहीर केला आणि २००९ मध्ये तो नष्ट करून संपवला. मध्यंतरी १९८८ मध्ये हलब्जा घडले, २०१३ मध्ये दमास्कसजवळचे घौटा घडले. म्हणून कोणी म्हणेल, काय उपयोग? चोऱ्या होतात म्हणून चोरीविरुद्धचा कायदा कोणी रद्द करीत नाही, एवढेच माझे उत्तर आहे, आणि ते अपुरे आहे हे मला ठाऊक आहे. साराजेव्हो शहरावर तोफा आणि नेमबाज रोखून बसलेल्या सैन्याचा सेनापती गालिच ह्याला २००६ मध्ये जन्मठेप झाली. असे निकाल क्वचित लागतात आणि उशिरा लागतात. अण्वस्त्रांच्या बाबतीत तर १९९६ साली खुद्द आंतरराष्ट्रीय न्यायालय अडखळले. ती वापरणे सर्वसाधारणपणे ह्या कायद्याविरुद्ध आहे असे त्याने सांगितले. पण राष्ट्राचे अस्तित्वच पणाला लागले असता काय, ह्यावर न्यायाधीश सात विरुद्ध सात झाले आणि ठाम उत्तर आलेच नाही.

माझ्यासारख्याला मोह होतो तो महाभारताकडे वळण्याचा. आपल्याकडे हे सारे आधीच होते, असे म्हणणाऱ्या मंडळींचे मला थोडे भय वाटते. पण भीष्मपर्वात दोन्ही पक्षांनी लढाईआधी नियम ठरवले होते हे तर खरेच आहे. शरण आलेल्याला, पळणाऱ्याला, सारथ्याला, शंख वाजवणाऱ्याला मारू नये असे ते नियम. मनुस्मृतीत विषारी आणि काटेरी बाणांना मनाई आहे. मी एक खेळ करून पाहिला. महाभारतातले गाजलेले अधर्म आजच्या कायद्याने तपासले. निकाल चमत्कारिक लागला. रथाचे चाक रुतलेला कर्ण? तो शरण आलेला नव्हता, जखमी होऊन निकामी झालेला नव्हता. आजच्या कायद्याने त्याच्यावर बाण सोडणे गुन्हा ठरत नाही. अश्वत्थाम्याने रात्री झोपलेल्या योद्ध्यांची कत्तल केली. झोपलेल्या सैनिकांवर छापा घालायला आजचा कायदा आडवा येत नाही. पण त्याच अश्वत्थाम्याने पांडवांच्या स्त्रियांच्या गर्भांवर अस्त्र सोडले, ते मात्र आजही निखालस पातक. आणि एक बारकावा. अर्जुनाला आपले अस्त्र परत घेता आले. अश्वत्थाम्याला घेता येत नव्हते. सोडणाऱ्याच्याही ताब्यात न राहणारे अस्त्र, हा मुद्दा मनात ठेवा.

डावपेचांबद्दलही लोकांचा एक गैरसमज असतो, की नियम पाळायचे म्हणजे भोळसटपणा करायचा. तसे नाही. दबा धरणे, खोटी हूल देणे, देखावा उभा करणे, शत्रूला चुकीच्या बातम्या पोचवणे हे सारे कायद्याला मान्य आहे. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले तेव्हा शिवा काशीद पालखीत बसून शत्रूला सामोरा गेला. ती हूलच होती, आणि त्याने तिची किंमत प्राणांनी दिली. कायद्याला मान्य नाही तो विश्वासघात. पांढरे निशाण दाखवून जवळ बोलवायचे आणि गोळी घालायची, किंवा रेडक्रॉसच्या गाडीतून बंदुका न्यायच्या, हे चालत नाही. कारण उघड आहे. एकदा असे झाले, की पुढच्या खऱ्या निशाणावर आणि खऱ्या दवाखान्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. हे मी एका वर्गात सांगितले तेव्हा एका मुलीने विचारले, "मग सर, लग्नाच्या वऱ्हाडाच्या मिषाने मावळे पुण्यात शिरले, ते?" वर्ग एकदम शांत झाला. आजच्या कायद्यात नागरिकाचे सोंग घेऊन शत्रूला मारणे बसत नाही, हे मी सांगितले. १६६३ ला १९७७ ची फूटपट्टी लावू नये, हेही सांगितले. आणि ज्या राजाने छावणीतल्या लष्कराने रयतेच्या भाजीपाल्यालाही धक्का लावू नये म्हणून चिपळूणकडच्या आपल्या अधिकाऱ्यांना कडक पत्र लिहिले, त्याला रयत आणि फौज ह्यांतला फरक शिकवायला कोणा युरोपियनाची गरज नव्हती, हेही. तेव्हा कुठे वर्गाने श्वास सोडला.

असो. हे सर्व वाचून झाल्यावर धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मी सुभेदारसाहेबांना गाठले. वाटले, आपले नवे ज्ञान त्यांना ऐकवावे. पण ते बाकावर नव्हते. ते त्या वाळूच्या पट्टीपाशी उकिडवे बसले होते आणि समोर दोन्ही पक्षांचे सेनापती माना खाली घालून उभे होते.

मुलांनी सरहद्दीत सुरुंग पेरले होते. सुरुंग म्हणजे सरबताच्या बाटल्यांची पत्र्याची झाकणे, कातरी बाजू वर करून.

"किती पुरली?" सुभेदारसाहेब विचारीत होते.

"वीस," 'ब'चा सेनापती म्हणाला.

"नकाशा कुठाय?"

नकाशा नव्हता. सुभेदारसाहेबांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. "इथं तळमजल्यावरचं बाळ अनवाणी रांगतं," ते हळूच म्हणाले. "काढा सगळी. आत्ता."

मुले वाळू उकरू लागली. सुभेदारसाहेब मला घेऊन बाकावर बसले, आणि आजवर कधी बोलले नव्हते ते बोलले.

२००१ च्या डिसेंबरात संसदेवर हल्ला झाला आणि फौजा पश्चिम सरहद्दीवर गेल्या. सुरुंग पेरण्याचे काम सफरमैनांचे. "पेरणं सोपं, सर. काढणं अवघड. म्हणून कागद चोख ठेवायचा. पक्की खूण धरायची, झाड नाही, झाड पडतं. तिथून दिशा, तिथून पावलं. कुंपण घालायचं, पाट्या लावायच्या." आपल्या देशाने १९९९ मध्ये मान्य केलेला सुरुंगांविषयीचा सुधारित मसुदा हेच सांगतो, हे मी वाचले होते. सुरुंग शोधयंत्राला सापडला पाहिजे म्हणून त्याचा संकेत किमान आठ ग्रॅम लोखंडाइतका तरी यावा, असाही त्यात नियम आहे. मी आठ ग्रॅमांचे सांगितले तेव्हा ते नुसते हसले.

"पावसाळ्यात वाळू सरकते, सर. पाण्याबरोबर माइनपण सरकते. काढायला गेलो, तर नकाशाप्रमाणं जागा मोकळी. माझ्या तुकडीतला एक पोरगा दोन हात बाजूला टेकला. गुडघ्याखाली पाय गेला." थोडे थांबून म्हणाले, "नकाशा माझ्या हातचा होता. बरोबर होता. अजून पाठ आहे."

मला काय बोलावे सुचेना. माणसांविरुद्धच्या सुरुंगांवर पूर्ण बंदी घालणारा ओटावाचा करार १९९७ मध्ये झाला आहे. दीडशेहून अधिक देश त्यात गेले. भारत, पाकिस्तान, चीन, रशिया, अमेरिका गेले नाहीत. आणि २०२५ मध्ये पोलंड, फिनलंड आणि बाल्टिक किनाऱ्यावरची तीन राष्ट्रे शेजारच्या भयाने त्यातून बाहेर पडायला निघाली. हे सगळे मी पाठ करून आलो होतो. पण त्या क्षणी ते ऐकवण्यात अर्थ नव्हता. बंदी हवी की नको, असे मी विचारले एवढेच.

"ते सरकार ठरवील. लांबच लांब सरहद्द आहे, माणसं किती उभी करणार?" ते म्हणाले. "पण माइनला लढाई संपल्याचं कोण सांगणार, सर? तिला कोणी सांगत नाही."

खालून ओरड आली, "काका, झाली सगळी!"

सुभेदारसाहेब उठले. झाकणे पायरीवर मांडून मोजली. एकोणीस भरली. पुन्हा मोजली. एकोणीसच.

"वीस म्हणाला होतास ना?"

"हो."

अंधार पडला होता. इमारतींवर आकाशकंदील लागले होते, आणि वरून आमच्या सौभाग्यवती जेवायला बोलावीत होत्या. सुभेदारसाहेबांनी वहाणा काढून बाजूला ठेवल्या, रांगोळीच्या दोरीने पट्टीचे चौकोन पाडले, आणि एक बांबूची काडी तिरकी धरून पहिल्या चौकोनापासून वाळू टोचायला सुरुवात केली. मी घरातून विजेरी आणली आणि त्यांच्या हातापाशी उजेड धरून बसलो.